किती चिकटायचे, कधी सुटायचे?

सुया, टाचण्या, छोटे स्क्रू एका जागी राहावेत म्हणून प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी पातळ लोखंडी पत्रा चिकटवायचा आणि त्यावर चुंबके ठेवायची, ही युक्ती बरेच जण करतात. घरात असेल तो गोंद काढला जातो. पहिले दोन दिवस पत्रा घट्ट बसतो. मग डबा कधी उन्हात, कधी गाडीच्या डिकीत राहतो आणि एके दिवशी पत्रा अलगद सुटून हातात येतो. नीट पाहिले तर गोंदाचा सगळा थर पत्र्यालाच असतो, डब्याची बाजू कोरी. गोंद वाईट निघाला असे म्हणून दुसरा, अधिक महाग गोंद आणला जातो. पण गोंद नुसता जोरदार असून भागत नाही. तो कोणत्या पृष्ठभागावर लागणार, किती ताण सोसणार आणि किती काळ टिकला पाहिजे, हे आधी ठरावे लागते. चिकटवण्याच्या कामाकडे असे पाहण्याची सवय उद्योगाला ज्यांनी लावली त्यांत रिचर्ड गर्ली ड्रू यांचे नाव फार वरचे आहे. मास्किंग टेप आणि पारदर्शक चिकटपट्टी या दोन्ही वस्तू त्यांच्या.

ड्रू यांचा जन्म २२ जून १८९९ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात झाला. तरुणपणी ते नाचाच्या कार्यक्रमांतल्या वाद्यवृंदांत बँजो वाजवत आणि त्या पैशांवर मिनेसोटा विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत. ते शिक्षण अर्धवटच राहिले. पुढे टपालाने यंत्ररचनेचा अभ्यासक्रम करता करता त्यांनी गावातल्याच एका कंपनीकडे नोकरीसाठी अर्ज केला. कंपनीचे नाव मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे आजची थ्रीएम. १९२१ मध्ये ते तिथे प्रयोगशाळेतले साधे तंत्रसाहाय्यक म्हणून लागले.

तेव्हा ही कंपनी मुख्यतः पॉलिश पेपर बनवत असे. कागदावर कठीण खनिजाचे कण गोंदाने बसवायचे, एवढाच तिचा व्यवसाय, आणि त्यातही तिने ठेच खाल्लेली होती. १९१४ मध्ये गिऱ्हाइकांकडून तक्रारी आल्या की कागदावरचे कण झडतात. गोंद तपासला, कागद तपासला, दोन्ही ठीक होते. शेवटी कारण सापडले ते खनिजात. स्पेनहून आलेल्या गार्नेटच्या पोत्यांवर जहाजात ऑलिव्ह तेल सांडले होते. तेलकट कणाला गोंद धरत नव्हता. कंपनीने ते गार्नेट भाजून तेल घालवले आणि माल वाचवला. चिकटवण्याआधी पृष्ठभाग पुसून घ्यावा हे आज प्रत्येक ट्यूबवर छापलेले असते. त्या कंपनीला ते शिकायला बरीच किंमत मोजावी लागली.

ड्रू यांच्याकडे काम आले ते नव्या, पाण्यासोबत वापरता येणाऱ्या पॉलिश पेपरचे नमुने मोटारींच्या गॅरेजमध्ये नेऊन चाचणी घेण्याचे. १९२३ मध्ये सेंट पॉलमधल्या अशाच एका गॅरेजमध्ये ते गेले, तेव्हा तिथला पेंटर संतापून शिव्या घालत होता. दोन रंगांच्या मोटारींची तेव्हा फॅशन होती. एक रंग वाळला की तो भाग कागदाने झाकायचा आणि उरलेल्या भागावर दुसरा रंग फवारायचा. कागद चिकटवण्यासाठी पेंटर कधी घरगुती खळ वापरत, कधी दवाखान्यातली चिकटपट्टी. ही औषधी पट्टी जुनीच होती. कापडावर रबरी गोंद लावून ती तयार करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली होती. जखमेवरची पट्टी जागेवर राहावी हे तिचे काम आणि ते ती चोख करत असे. मोटारीवर मात्र ती इतकी घट्ट बसे की ओढून काढताना खालचा ताजा रंगही सोलून येई. मग तो भाग घासा, पुन्हा रंगवा, आणि एवढा वेळ गेल्याचे पैसे मात्र कुणी द्यायचे नाहीत.

ड्रू तिथे पॉलिश पेपर विकायला मदत करत होते. चिकटपट्टीशी ना त्यांचा संबंध होता ना त्यांच्या कंपनीचा. तरीही अशी पट्टी बनवून देतो, असा शब्द त्यांनी त्या पेंटरला दिला. चोवीस वर्षांच्या, पदवी नसलेल्या मुलाने दिलेला हा शब्द म्हणजे निव्वळ धाडस होते. त्याच्यापुढचा प्रश्नही उलटा होता. गोंद बनवणाऱ्या सगळ्यांना अधिक घट्ट धरणारा गोंद हवा असे. ड्रू यांना रंग फवारेपर्यंत धरून ठेवणारा आणि नंतर खूण न ठेवता सोडणारा गोंद हवा होता.

दोन वर्षे त्यांनी हाताला लागेल ते वापरून पाहिले. जवसाचे तेल, इतर वनस्पती तेले, निरनिराळ्या राळा, च्युइंगगममध्ये घालतात तो चिकल नावाचा डिंक. शेवटी जमले ते सुतारांच्या ओळखीच्या पदार्थाने, म्हणजे चांगल्या प्रतीच्या सरसाने. सरस वाळला की कडक होतो आणि तडकतो. त्यात ग्लिसरीन मिसळल्यावर तो मऊ आणि चिकट राहिला. पट्टीसाठी त्यांनी बारीक चुण्यांचा क्रेप कागद निवडला. चुण्यांमुळे तो ताणला जातो आणि मोटारीच्या गोलाईवर न सुरकुतता बसतो.

या दोन वर्षांत एकदा प्रयोग जवळजवळ संपलेच होते. कंपनीचा कारभार पाहणारे विल्यम मॅकनाइट यांनी ड्रू यांना चिकटपट्टीचा नाद सोडून पॉलिश पेपरच्या कामावर परत जायला सांगितले. ड्रू यांनी काही दिवस ऐकले आणि मग पुन्हा चिकटपट्टीकडे वळले. मॅकनाइट यांच्या ते लक्षात आले, तरी त्या वेळी ते काही बोलले नाहीत. पुढे कागदावर गोंद लावण्याच्या यंत्रासाठी ड्रू यांनी पैसे मागितले, तेव्हा मात्र नकार मिळाला. ड्रू यांना १०० डॉलरपर्यंतची खरेदी वरिष्ठांना न विचारता करता येत होती. त्यांनी ९९ डॉलरच्या एकामागून एक ऑर्डर काढल्या आणि यंत्र तुकड्यातुकड्याने उभे केले.

आजच्या कोणत्याही लेखापरीक्षकाने यावर लाल शेरा मारला असता, आणि तो चुकीचाही ठरला नसता. पण यंत्र चालू झाले होते, पट्टी खपत होती आणि मॅकनाइट यांना प्रकार कळूनही त्यांनी ड्रू यांना कामावरून काढले नाही. उलट होतकरू माणसाला थोडी मोकळीक द्यावी हा धडा त्यांनी घेतला. पुढे या कंपनीत संशोधकांना कामाच्या वेळेतला पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवण्याची मुभा मिळाली, तिचे मूळ या प्रसंगात सांगितले जाते. कंपन्या आपल्या इतिहासातली अशी प्रकरणे मागाहून गुळगुळीत करून सांगतात हे खरे. तरी तेव्हा ड्रू यांची नोकरी धोक्यात होती आणि ते त्यांना माहीत होते, एवढे नक्की.

मास्किंग टेप १९२५ मध्ये तयार झाली. पहिल्या पट्ट्या सुमारे दोन इंच रुंद होत्या आणि गोंद फक्त दोन्ही कडांना होता. झाकणाऱ्या कागदाच्या वजनाने त्या गळून पडू लागल्या. त्यावर चिडलेल्या एका पेंटरने, गोंद घालण्यात कंजूषपणा करणाऱ्या साहेबांना ही स्कॉच पट्टी परत द्या, असे सुनावल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडची माणसे चिक्कू असतात हा त्या काळच्या अमेरिकेतला एक ओंगळ समज. गोंद पूर्ण रुंदीला लागला, पण स्कॉच हे नाव टिकले आणि तेच ब्रँड झाले.

दुसरा शोध लागला तो सेलोफेनमुळे. जाक ब्रँडेनबर्गर या स्विस रसायनज्ञाने लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून बनवलेला हा पारदर्शक कागद तेव्हा अमेरिकेत ड्युपाँ कंपनी तयार करत होती. १९२९ मध्ये सेंट पॉलमधल्या एका कंपनीला रेल्वेच्या शीतडब्यांत बसवायचे उष्णतारोधक तक्ते ओलाव्यापासून वाचवायचे होते. ड्रू त्यावर विचार करत असतानाच एका सहकाऱ्याने मास्किंग टेपची रिळे सेलोफेनमध्ये गुंडाळण्याची कल्पना मांडली. ड्रू यांनी विचार केला की सेलोफेनलाच गोंद लावला तर?

सेलोफेन मात्र हट्टी निघाला. उष्णतेजवळ नेला की वळे, यंत्रात ताण आला की फाटे, आणि गोंद त्यावर सारखा पसरतच नसे. वाया गेलेल्या सेलोफेनचे ढीग दिवसाअखेर गाडी भरून बाहेर न्यावे लागत. उपाय सापडला तो दोन थरांचा. आधी सेलोफेनवर एक पातळ अस्तर द्यायचे, हल्ली प्रायमर म्हणतात ते, आणि त्या अस्तरावर गोंद लावायचा. गोंदही नवा करावा लागला, कारण पिवळट गोंदाने पारदर्शकपणा जात होता. रबर, तेले आणि राळा यांचे प्रमाण जुळवून जवळजवळ रंगहीन गोंद तयार झाला. सप्टेंबर १९३० मध्ये चाचणीसाठी पहिले रीळ शिकागोच्या एका कंपनीकडे गेले. ही कंपनी बेकरीच्या पदार्थांसाठी सेलोफेनची वेष्टने छापत असे.

डब्यातला पत्रा का सुटतो याचे उत्तर ड्रू यांच्या या खटपटीतच आहे. गोंद धरतो तो त्याचे रेणू समोरच्या पृष्ठभागाच्या अगदी निकट पोचले तर. त्यासाठी गोंदाने आधी त्या पृष्ठभागावर पातळ पाण्यासारखे पसरले पाहिजे. स्वच्छ धातूवर तो छान पसरतो. स्टीलच्या डब्यावर पाण्याचा थेंब पसरतो आणि तेलकट तव्यावर गोळा होऊन बसतो, तसाच फरक इथे असतो. शास्त्रज्ञ याला पृष्ठऊर्जा म्हणतात. धातूंची ती शेकड्यांत असते, तर साठवणीच्या स्वस्त डब्यांच्या पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिनची मीटरमागे जेमतेम तीस मिलिन्यूटन. अशा प्लास्टिकवर गोंद थेंबासारखा आकसतो. सेलोफेनची अडचण याहून वेगळी होती, पण मधले अस्तर हा उपाय दोन्हीकडे लागू पडतो.

त्यात तापमानाची भर पडते. ३० सेंटिमीटर लांबीचा लोखंडी पत्रा २५ अंशांनी तापला तर दशांश मिलिमीटरही वाढत नाही. तेवढ्याच लांबीचे पॉलिप्रॉपिलीन पाऊण मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थर काचेसारखा ठिसूळ असतो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या सरकू लागल्या की तो तडकतो.

म्हणून आधी डब्याच्या तळाशी त्रिकोणातला आकडा पाहावा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन. तिथे साधा इपॉक्सी किंवा झटपट गोंद नुसता लावून भागत नाही. कमी पृष्ठऊर्जेच्या प्लास्टिकसाठी बनवलेली फोमची दुहेरी चिकटपट्टी घ्यावी, किंवा त्या प्लास्टिकसाठीचे प्रायमर आधी लावावे. फोमचा थर मऊ असल्याने दोन्हीकडची सरकासरक तो सोसतो. एबीएससारख्या कठीण, चकचकीत प्लास्टिकवर निवड बरीच सोपी होते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन पत्र्याला गंज चढवू शकते, ते टाळावे. दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पत्रा थोडा घासून, जोराने दाबून बसवावा आणि दोन-तीन दिवस त्यावर काही ठेवू नये, कारण अशा पट्टीची पकड हळूहळू वाढते. चुंबकासाठी हे करत असाल तर पत्रा लोखंडी हवा, ॲल्युमिनिअमचा नाही. आणि डबा जड वस्तूंचा असेल तर गोंदाचा हट्ट सोडून चार रिव्हेट मारलेले बरे.

पारदर्शक पट्टी बाजारात आली ती महामंदीच्या काळात. बेकऱ्यांसाठी केलेल्या या वस्तूवर पहिले संकट लगेच आले. सेलोफेन उष्णतेने बंद करण्याची पद्धत निघाली आणि वेष्टनासाठी पट्टीची तितकी गरज उरली नाही. पण नवे घेण्याची ऐपत नसलेल्या घरांनी तिला दुसरी कामे शोधून दिली. फाटलेली पुस्तके, कागद, पडदे, तुटलेली खेळणी असे सगळे तिने जोडले जाऊ लागले. सुरुवातीला एक अडचण होती, ती रिळाचे टोक नखाने शोधण्याची. १९३२ मध्ये जॉन बॉर्डन या सहकाऱ्याने दातेरी पात्याचे रीळधारक बनवले आणि ती कटकट संपली. आपल्याकडे या पट्टीला सेलोटेप म्हणतात, ते नाव मात्र ड्रू यांच्या कंपनीचे नाही. ते १९३७ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या एका ब्रिटिश ब्रँडचे.

हीच पट्टी चुकीच्या जागी लागली तेव्हा काय होते, त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांचे आहे. १९५० च्या दशकात जेरुसलेममधल्या अभ्यासकांनी त्यांचे तुकडे चिकटपट्टीने जोडले. रबरी गोंद हवेने काळपट होत चर्मपत्रात मुरला. तो काढण्याचे काम संवर्धकांनी पुढे कित्येक वर्षे केले. घरातली जुनी पोथी, सातबारा किंवा आजोबांचे पत्र सेलोटेपने जोडू नये ते याच कारणाने. कागद फाटलेला राहिला तर निदान पुढे जोडता येतो.

ड्रू यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो, पण आरोग्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. १९४३ पासून निवृत्तीपर्यंत ते कंपनीच्या एका स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रमुख होते. चाकोरीत न बसणारी, इतरत्र न जमलेली माणसे ते मुद्दाम आपल्याकडे घेत. स्वतः अर्धवट शिकलेल्या आणि वरिष्ठांचे न ऐकणाऱ्या माणसाने असे करावे यात नवल नाही. या प्रयोगशाळेच्या कामातून, न विणलेल्या तंतूंच्या कापडावर ॲक्रिलेट गोंद लावलेली मायक्रोपोर पट्टी १९६० च्या सुमारास दवाखान्यांत आली. जुन्या औषधी पट्टीतल्या रबराने आणि राळेने अनेकांची त्वचा लाल होई, खाज सुटे आणि खाली घाम साचे. मायक्रोपोरमधून हवा आणि वाफ जाते आणि तिच्या गोंदाने त्वचेला त्रास कमी होतो. आज सलाइनची सुई धरून ठेवणारी कागदासारखी पांढरी पट्टी असते, ती हीच किंवा तिच्याच जातीची.

मानवी त्वचा हा गोंदासाठी सर्वांत अवघड पृष्ठभाग आहे. ती घामेजते, ताणली जाते, रोज थोडी झडते आणि वयाबरोबर पातळ होते. वृद्धांच्या आणि तान्ह्या बाळांच्या त्वचेवरून पट्टी झटकन उपटली तर वरचा थर सोलून येतो, कधी चक्क फाटतो. पट्टी केसांच्या दिशेने, दुमडून त्वचेला समांतर ठेवत, हळूहळू काढावी आणि मोकळी होत जाणारी त्वचा दुसऱ्या हाताने धरून ठेवावी. घट्ट बसली असेल तर ओल्या कापसाने किंवा थोड्या तेलाने कड आधी सैल करावी.

ड्रू १९६२ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या नावावर तीसच्या आसपास पेटंट होती. १४ डिसेंबर १९८० रोजी कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा इथे वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या जुन्या कंपनीने ॲक्रिलिक फोमची एक दुहेरी पट्टी बाजारात आणली. ट्रकच्या अंगावरचे आणि इमारतींच्या दर्शनी भागावरचे धातूचे पत्रे रिव्हेट किंवा स्क्रूशिवाय बसवण्यासाठी ती आता जगभर वापरली जाते.